सबनीसांचा चहा आणि पहिल्या शंभरातली मुलगी

नॉटिंगहॅमच्या एका सार्वजनिक हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पुरुषोत्तम सबनीस एकोणीस वर्षं लोकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजत होते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि बरोबर शंभर पेशी मोजायच्या. नव्याण्णव नाही की एकशे एक नाही. हे काम करणारी यंत्रं केव्हाच आली होती, पण यंत्राला शंका आली की पट्टी सबनीसांकडे यायची, आणि सबनीसांना शंका आली की ते पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. असा माणूस आयुष्यात दुसरं काही मोजायला लागला तर त्याचं काय होईल, याचा विचार कुणीतरी वेळेवर करायला हवा होता.

सुरुवात त्यांच्या मुलीमुळे झाली. तनिषा बारा वर्षांची असताना तिला टेनिसच्या क्लासला घातलं. तीन महिन्यांत तिने रॅकेट कपाटावर टाकली आणि ड्रम वाजवायला घेतला. सबनीस मात्र टेनिस सेंटरच्या बाकावरून उठलेच नाहीत. तिथे दर उन्हाळ्यात बायकांच्या छोट्या व्यावसायिक स्पर्धा व्हायच्या. प्रेक्षक म्हणून सबनीस, दोन निवृत्त जोडपी आणि खेळाडूंपैकी कुणाची तरी आई. कोर्टवर मात्र खरोखरच्या मुली, खरोखरचा घाम गाळत, जगातला एकशे ऐंशीवा नंबर एकशे बहात्तरावर आणायला झगडत होत्या. विमानाने कुठल्या कुठल्या गावी जायचं, दोन मॅच खेळायच्या, हरायचं आणि आपली बॅग आपणच उचलून परत यायचं. सबनीस भारावून गेले. त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची एक वही केली आणि दर सोमवारी जागतिक क्रमवारी जाहीर झाली की तिच्यात आपल्या मुलींचे नंबर लिहायला सुरुवात केली.

‘आपल्या मुली’ म्हणजे ब्रिटिश मुली. त्यांची नावं ते घरात घेत नसत. त्यांच्या लेखी त्या थोरली, मधली आणि धाकटी होत्या. एखाद्याने आपल्या भावाच्या मुलींबद्दल बोलावं तसं ते जेवताना सांगायचे, “थोरलीचा खांदा पुन्हा दुखतोय,” आणि नवखा पाहुणा सहानुभूतीने विचारायचा, “असते कुठे ती?”

“सध्या उझबेकिस्तानात,” सबनीस सांगायचे, आणि पाहुण्याच्या हातातली पुरी तिथेच थांबायची.

त्या काळी ब्रिटिश माणूस टेनिसवर प्रेम करायचा ते जूनच्या शेवटच्या आठवड्यात. यजमानांच्या घरची पोरं म्हणून काही ब्रिटिश मुलींना विम्बल्डनच्या पंगतीत थेट पान मांडून मिळायचं. त्या बिचाऱ्या मीठ-लिंबू वाढेपर्यंत बसायच्या आणि मंगळवारी संध्याकाळपर्यंत उठलेल्या असायच्या. बुधवारी वर्तमानपत्रं हळहळायची, गुरुवारी विसरायची. उरलेले पन्नास आठवडे त्यांची काळजी वाहायला देशात एकच माणूस नेमलेला होता, आणि तो मूळचा साताऱ्याचा होता.

२००१च्या जूनमध्ये थोरली एकशे तीनवर पोचली. पहिल्या शंभरात एकही ब्रिटिश मुलगी नव्हती आणि आता फक्त तीन पायऱ्या उरल्या होत्या. सबनीसांना राहवेना. एका सकाळी अंघोळ करून ते देव्हाऱ्यासमोर बसले. गणपतीला जागतिक क्रमवारीची पद्धत नीट समजावून सांगितली, कारण देवाला क्रिकेट कळतं पण टेनिसचे गुण कसे मोजतात हे कळेलच याची खात्री नव्हती. मग वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: ‘ब्रिटिश मुलगी पहिल्या शंभरात येईपर्यंत चहा वर्ज्य.’ खाली तारीख आणि सही.

त्यांच्या हिशेबाने हे तीन आठवड्यांचं काम होतं.

त्यांची बायको मधुमती शहरातल्या लायब्ररीत काउंटरवर काम करायची. नवस ऐकून ती हातातलं गाळणं तसंच धरून उभी राहिली.

“अहो, दुसरं काही सोडता आलं नसतं? कारली सोडायची.”

“मला कारली आवडत नाहीत.”

“म्हणून तर!”

“देवाला फसवायचं का?”

“देवाला नाही हो. पण या देशात चहा सोडून राहणार कसे? इथे माणूस मेल्याचं सांगायच्या आधी चहा विचारतात.”

मधुमतीचं म्हणणं खरं ठरायला एक सोमवार पुरला. लॅबमध्ये पद्धत अशी होती की सकाळी साडेदहाला आणि दुपारी तीनला सगळ्यांना चहा मिळायचा, आणि तो मर्टल करायची. मर्टल वॉर्डावॉर्डांतून फिरून रक्त काढायची. बासष्ट साली, एकोणीस वर्षांची असताना ती जमैकाहून बोटीने आली होती. तिचा हात इतका हलका की सुई पाहून किंचाळणारी पोरं ‘झालं?’ म्हणून विचारायची. नॉटिंगहॅममध्ये लाडाने समोरच्याला बदक म्हणतात. पहिल्याच दिवशी मर्टलने ‘चहा, डक?’ विचारलं तेव्हा सबनीसांनी मागे वळून पाहिलं होतं. मर्टलने त्यांच्यासाठी खास ‘पी’ अक्षराचा मग आणला होता आणि बारा वर्षं तो न चुकता भरला होता.

त्या सोमवारी सबनीसांनी मगावर हात ठेवला.

“आजारी आहात, मिस्टर पी?”

“नाही. नवस आहे.” आणि मग त्यांनी वहीसकट सगळं समजावलं.

लॅबचा प्रमुख अँगस ग्लासगोचा होता. ब्रिटिश टेनिसबद्दल त्याच्या फारशा आशा नव्हत्या. तो अतिशय गंभीरपणे म्हणाला, “पुरुषोत्तम, तू आता कधीच चहा पिणार नाहीस.”

मर्टलने मात्र मग धुऊन, पुसून खिडकीत ठेवला. “राहू दे तिथेच. पोरगी शंभरात आली की पहिला चहा माझ्या हातचा. कबूल?”

“कबूल,” सबनीस म्हणाले.

तीन आठवड्यांनी थोरलीचा खांदा गेला. ती एकशे चाळीसवर घसरली, मग दोनशे दहावर, आणि शेवटी डेव्हनमध्ये लहान मुलांना शिकवू लागली. सबनीसांनी दोन दिवस नीट जेवण केलं नाही. मग मधली पुढे सरसावली. २००५ साली ती एकशे बारावर आली आणि सरकारी कचेरीत फाईल अडकावी तशी तिथेच अडकली. दर सोमवारी सबनीस मधुमतीच्या लायब्ररीत जाऊन कॉम्प्युटरवर क्रमवारी उघडायचे, आणि बरोबर अर्ध्या तासाने काउंटरवरून बायकोचा आवाज यायचा, “सर, तुमचा वेळ संपला.” नोकरीत मधुमती नवरा ओळखत नसे.

घरी मात्र ती पळवाटा शोधून द्यायची.

“अहो, डबल्समध्ये एक आहे की शंभरात.”

“डबल्स म्हणजे अर्धी मुलगी.”

“मग दोघी मिळून एक धरा.”

“वहीत ‘मुलगी’ लिहिलंय. एकवचनी.”

तनिषा आता लंडनला, इल्फर्डमध्ये राहून नोकरी करत होती. तिचं मराठी फोनवरून यायचं तसं अर्धं वाटेत गळायचं. “बाबा, ती नवस अजून चालू आहे? It's been seven years! तू एकदम mad झाला आहे.”

सात वर्षांत सबनीसांनी काय काय सोसलं, याची यादी करायची तर दुसरी वही लागेल. शेजाऱ्यांच्या अंत्यविधीला ते कोमट पाणी पीत उभे राहिले. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी चहा दिला आणि स्वतः घेतला नाही, तर त्याला यात काहीतरी घातलंय असं वाटून त्याने कप न उचलताच काम उरकलं. खिडकीतल्या मगात आधी पेनं जमली, मग रबरबँड, मग एक वाळलेलं निवडुंग.

आणि २००८चा मे उजाडला. त्या महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. धाकटी एकशे दोनवर आली, आणि मर्टलच्या निवृत्तीची तारीख ठरली. महिन्याचा शेवटचा शुक्रवार.

सबनीसांची झोप उडाली. मर्टल गेली तर शब्द राहिला. धाकटी त्या आठवड्यात फ्रान्समधल्या कुठल्याशा गावी मातीच्या कोर्टवर खेळत होती. लॅबमध्ये पहिल्यांदाच सगळे तिच्याबद्दल विचारू लागले. वॉर्डातले पेशंट रक्त देता देता मर्टलला विचारायचे, “पोरगी जिंकली का?” अँगसने काही लोकांना सांगितलं की आपण पहिल्यापासून आशावादी होतो.

शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी दहाला तनिषाचा फोन आला. ती इतकी ओरडली की सबनीसांना फोन कानापासून दूर धरावा लागला. “बाबा! Ninety-eight! ती अठ्ठ्याण्णव आहे! चहा पी!”

सबनीस खुर्चीवर बसले, उठले आणि पुन्हा बसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. निवडुंग खिडकीच्या कडेवर गेलं, ‘पी’चा मग उकळत्या पाण्याने धुतला गेला, आणि साडेदहाला मर्टल स्वतः, केसांवरची टोपी नीट करून, तो भरलेला मग दोन्ही हातांत धरून आली. सगळी लॅब अर्धवर्तुळ करून उभी होती.

सबनीसांनी मग हातात घेतला. ओठांपर्यंत नेला. आणि तिथे त्यांच्यातला शंभर पेशी मोजणारा माणूस जागा झाला.

“थांबा,” ते म्हणाले. “एक अडचण आहे. वहीत ‘ब्रिटिश मुलगी’ लिहिलंय. धाकटीचा जन्म रीगाचा आहे. लॅटव्हिया. ती सात वर्षांची असताना इकडे आली. म्हणजे तशी बघायला गेलं तर ती... धरता येईल की नाही...”

तेवढ्यात त्यांनी समोर पाहिलं.

मर्टलचा चेहरा रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर बरं झालं असतं. तिने हळूच त्यांच्या हातातून मग काढून घेतला, सिंकपाशी गेली, चहा ओतून दिला आणि मग पालथा घातला.

“माझा जन्म किंग्स्टनचा. जमैका,” ती म्हणाली. “शेहेचाळीस वर्षं झाली. मलाही धरता येत नसेल, मिस्टर पी.”

ती आपला ट्रे घेऊन वॉर्डात निघून गेली. जाताना तिने डक म्हटलं नाही.

सबनीस हादरून उभे होते. आपल्या तोंडातून काय बाहेर पडलं, ते त्यांनाच परक्या माणसाने बोलल्यासारखं ऐकू येत होतं. घरी गेल्यावर त्यांनी मधुमतीला सगळं सांगितलं. ती कपाटापाशी गेली आणि त्यांचा लाल ब्रिटिश पासपोर्ट आणून ताटाशेजारी ठेवला, लोणचं वाढावं तसा.

“जन्मस्थळ वाचा,” ती म्हणाली.

“मला माहीत आहे.”

“वाचा हो. मोठ्याने.”

“सातारा.”

“आणि मुखपृष्ठावर काय लिहिलंय? लायब्ररीत आम्ही मुखपृष्ठ बघूनच पुस्तक लावतो.”

तनिषाने फोनवर तर त्याहून सोपं करून टाकलं. “बाबा, मी इथे born झाली. मी तीन महिना टेनिस खेळली आणि सोडून दिली. ती रोज आठ तास खेळते. तुझ्या वहीत मी जास्त ब्रिटिश प्लेयर आहे का?”

मंगळवारी मर्टलने चहा केला नाही. बुधवारीही नाही. ती भांडली नाही, सगळ्यांशी हसून बोलली, फक्त साडेदहाला किटलीपाशी गेली नाही. लॅबचं काम असं मंदावलं की वॉर्डातून रिपोर्टसाठी फोन येऊ लागले. एकाही माणसाने उठून स्वतः चहा केला नाही. शेहेचाळीस वर्षांची सवय, किटली कुठे लावतात हेच कुणाला माहीत नव्हतं.

त्या बुधवारी सबनीसांसमोर एक पट्टी होती. त्यांनी डोळा लावला आणि मोजायला सुरुवात केली. चौसष्टावर त्यांचा आकडा हुकला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. पुन्हा सुरुवात केली, एकोणऐंशीवर पुन्हा हुकला. या सगळ्या पेशी, त्यांच्या डोक्यात आलं, हाडांच्या आतल्या पोकळीत जन्माला येतात. रक्तात एकही जन्मत नाही. तिथून निघतात, रक्तात येतात, काम करतात, आणि मी त्या मोजतो. आजवर एकीलाही विचारलं नाही की बाई, तू मूळची कुठली? ते सुन्न होऊन खिडकीतल्या निवडुंगाकडे बघत बसले.

शुक्रवारी ते सातला लॅबमध्ये पोचले. सगळ्यांचे मग ओळीने मांडले. सात वर्षं चहा न पिता चहा पिणाऱ्यांकडे टक लावून बघितल्यामुळे त्यांना सगळं पाठ होतं. अँगस बिनसाखरेचा, रिसेप्शनवरच्या बाईंना दोन चमचे आणि दूध थेंबभर, नव्या डॉक्टरणीला गाईचं दूध चालत नाही. दहा मग झाले. प्रत्येक पिशवी लॅबमधलं घड्याळ लावून त्यांनी चार मिनिटं मुरू दिली, जशी तपासणी करावी तशी. अकरावा मर्टलचा, झाकणाचा जांभळा मग. तिथे त्यांचा हात थांबला. ती कसला चहा पिते हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या मगाचं झाकण त्यांनी कधी उघडं पाहिलं नव्हतं.

मर्टल आली तेव्हा सगळे आपापले मग धरून बसले होते. अँगसने एक घोट घेतला होता आणि तो मगाकडे बघत होता. रिसेप्शनवरच्या बाईंनी कुणाला न दाखवता दुसरा मग भरून घेतला.

सबनीस पुढे झाले. हातात वही होती. पहिलं पान उघडून त्यांनी तिच्यासमोर धरलं. मराठी तिला वाचता येत नव्हतं, म्हणून बोट ठेवून सांगितलं. “हे मी लिहिलेलं. यात काही बदललं नाही. ब्रिटिश मुलगी, पहिल्या शंभरात. ती सोमवारीच आली होती. मोजायला मी चुकलो.” दुसऱ्या हाताने त्यांनी ‘पी’चा मग पुढे केला. “मर्टल, मला माफ करा. तुमचा चहा कसा हवा ते मला माहीत नाही. आणि हा माझा मग. हा तुम्ही भरायचा, असं ठरलं होतं.”

मर्टलने आपला जांभळा मग उचलला.

“माझा चहा?” ती म्हणाली. “डक, मी चहा पीत नाही.”

सबनीसांच्या हातातली वही पडली. सगळी लॅब जागच्या जागी थिजली.

“मला वासही सहन होत नाही त्याचा. यात कोको असतो.” तिने जांभळ्या मगाचं झाकण उघडून दाखवलं. “बासष्ट साली वॉर्डात पहिले दोन महिने माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. जेवायला बसले की बाजूची खुर्ची रिकामी. मग एक दिवस मी उठून सगळ्यांचा चहा केला. दुसऱ्या दिवशी सिस्टरने माझं नाव विचारलं. मग मी कशाला थांबते? केला की रोज.”

मर्टलने ‘पी’चा मग घेतला, आधी दूध ओतलं, नळाच्या गरम पाण्याने तो भरला, चहाची पिशवी त्या पाण्याला नुसती दाखवली, न दाखवल्यासारखी, आणि लगेच काढून टाकली.

“घ्या, मिस्टर पी.”

सबनीसांनी डोळे मिटून घोट घेतला. सात वर्षं. दोन हजार पाचशे आणि काही दिवस. आणि तो घोट जिभेवर पोचला तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. तो चहा इतका भयंकर होता की त्याला चहा म्हणणं हा चहाचा अपमान होता. नवसाआधीची बारा वर्षं आपण हेच पीत होतो आणि गोड मानून घेत होतो, हे त्यांना एका क्षणात आठवलं. धुण्याच्या पाण्याला थोडा संताप आला असता तर त्याची चव अशी झाली असती. त्यांनी डोळे उघडले. सगळी लॅब त्यांच्याकडे बघत होती, कळवळून, श्वास रोखून. त्या चेहऱ्यांवरून त्यांना लख्ख कळलं की हे सगळ्यांना माहीत होतं. अँगसला माहीत होतं. रिसेप्शनवरच्या बाईंना माहीत होतं. शेहेचाळीस वर्षं, पिढ्यान्‌पिढ्या, सबंध हॉस्पिटलने हा चहा प्यायला होता आणि एकाही माणसाने तिला सांगितलं नव्हतं. तिने स्वतः कधी चाखला नव्हता.

“कसा झालाय?” मर्टलने विचारलं.

“लव्हली,” सबनीस म्हणाले आणि उरलेला मग एका दमात रिकामा केला.

अँगसने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. नागरिकत्वाच्या समारंभात त्यांच्याशी हस्तांदोलन झालं होतं, पण ते असं नव्हतं.

पुढच्या सोमवारी क्रमवारी लागली. धाकटी पहिल्या फेरीत हरली होती. एकशे चार. सबनीसांनी आकडा वहीत लिहिला आणि घरच्या फोनची घंटा वाजली.

“मिस्टर पी, मी बघितलं,” पलीकडून मर्टल म्हणाली. निवृत्तीच्या पहिल्या सोमवारी ती लायब्ररीत जाऊन मधुमतीच्या काउंटरसमोर अर्धा तास बसून आली होती. “पोरगी बाहेर गेली. आता माझा चहा परत द्यायचा का?”

“नाही,” सबनीस म्हणाले. “एकदा मोजली ती मोजली. तुम्ही पुढच्या सोमवारीही बघून ठेवा. मधलीचा गुडघा बरा होतोय.”

फोन ठेवून ते स्वयंपाकघरात आले. मधुमती सात वर्षांनी पहिल्यांदाच दोन कपांचं आधण ठेवून उभी होती, आलं किसून तयार होतं.

“अगं,” सबनीस जरा ओशाळून म्हणाले, “एकाचंच ठेव, तुझ्यापुरतं. त्या मगानंतर मला चहाचा वासही नको वाटतो. आपल्याकडे कोको आहे का?”

मधुमतीच्या हातातलं गाळणं तिथेच थांबलं.